लसीकरणविषयक साशंकता

लस उपलब्ध असतानाही ती घेण्यास, विशेषतः बालकांना देण्यास, होणारा विलंब अथवा नकार. तिची कारणे ढोबळमानाने तीन आहेत : रोगाविषयीची बेफिकिरी, लस मिळविण्यातील गैरसोय आणि लस व ती देणारी यंत्रणा यांविषयीचा अविश्वास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आरोग्यास असलेल्या दहा प्रमुख धोक्यांत तिचा समावेश केला.

भारतात देवीची लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव काढून तो दुसऱ्यास टोचीत. त्यामुळे वेदनेबरोबरच विटाळाचीही भीती वाटे. शिवाय हा रोग देवीचा कोप मानला जाई. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात हे लसीकरण सक्तीचे झाले. तथापि सक्तीने शंकेचे निरसन होत नसे.

प्लेगच्या साथीत व्हॅल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. आगाखान (तिसरे) यांनीही ती जाहीरपणे घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे दूषित लसीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावरील ठपका १९०७ मध्ये दूर झाला. सुरक्षिततेची दक्षता व अपघाताची निःपक्षपाती चौकशी हेही लोकविश्वासाचे आधार होत, हे या प्रकरणावरून दिसते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे २०२२ मध्ये, मुंबई व मालेगावप्रमाणेच, गोवराची साथ उद्भवली. यंत्रमाग आणि वळ, पूर्णा इ. गावांतील गोदामे यांमुळे ह्या परिसरात स्थलांतरित कामगार बरेच आहेत. अशा कुटुंबांत गाव बदलल्याने मात्रा चुकतात. रोजंदारी बुडेल म्हणून लसीकरण लांबते. लसीनंतर येणारा ताप आणि लसीमुळे वंध्यत्व येते ही निराधार अफवा यांचीही त्यात भर पडते. गोवर अतिशय संसर्गजन्य असल्याने सु. ९५% बालकांना दोन मात्रा मिळाल्या तरच साथ रोखता येते. म्हणून थोड्या घरांतील नकारही, लस घेण्याचे वय न झालेल्या शेजारच्या अर्भकांना घातक ठरू शकतो.

साशंक पालक म्हणजे लसविरोधक नव्हेत. त्यांची शंका ऐकून घेणे, ताप येण्यासारखे परिणाम आधीच सांगणे, कामाच्या वेळेबाहेर वस्तीतच लसीकरणाची सोय करणे आणि धर्मगुरू व स्थानिक आरोग्यसेविका यांचे साहाय्य घेणे हे उपाय उपयुक्त ठरतात. कुटुंबाच्या परिचयातील बालरोगतज्ञाचा सल्ला यांत विशेष महत्त्वाचा असतो.