वीज गेली, पेटी बसली

जूनचा पहिला आठवडा होता. इंदूरला पाऊस आला नव्हता, पण वादळ रोज संध्याकाळी हजेरी लावून जात होतं. त्या दिवशी साडेसातला दिवे गेले, आले, पुन्हा गेले. तासाभरात चार वेळा हाच खेळ झाला. नऊच्या सुमारास वीज स्थिरावली. पंखे फिरले, राउटरचे दिवे लागले, बाबांनी बातम्या लावल्या. तेवढ्यात आईने विचारलं, "अरे, पेटीतले फोटो टीव्हीवर का दिसत नाहीयेत?"

आमच्या घरी पेटी म्हणजे खरं तर आजोबांची बाजाची पेटी. पण चार वर्षांपूर्वी मी नॅस आणला आणि बाबांनी त्यालाही तेच नाव दिलं. घरच्या नेटवर्कला जोडलेली, दोन हार्डडिस्क असलेली ही छोटी पेटी. घरातला कुठलाही फोन, लॅपटॉप किंवा टीव्ही तिच्यातलं सामान वाचू शकतो. आजोबांचे स्कॅन केलेले फोटो, लग्नांचे व्हिडिओ, घराची कागदपत्रं आणि दोन वर्षांपासून मी जमवत असलेली आजीच्या आठवणींची 14 रेकॉर्डिंग, सगळं तिच्यात होतं. "फोन भरला की पेटीत टाका आणि फोनमधून पुसा," हा सल्ला मीच सगळ्यांना दिला होता. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे कोणी शंकाही काढली नव्हती.

पेटीजवळ गेलो. निळ्या दिव्याऐवजी नारिंगी दिवा लुकलुकत होता. आतून टक्, टक्, टक् असा आवाज येई, मग शांतता, मग पुन्हा तेच. हार्डडिस्कचा असा आवाज म्हणजे बहुतेक वेळा वाईट बातमी. मी प्लग काढला आणि पाच मिनिटं नुसता बसलो. त्या रात्री मी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच होती. बंद-चालू, बंद-चालू करत राहिलो असतो, तर उरलेल्या डिस्कचीही वाट लागली असती.

दोष नेमका कुठे?

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कॉलेजात शिकवलं होतं. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. म्हणून कागद-पेन घेतलं.

पहिली शंका राउटरवर. वीज गेल्यावर राउटर नव्याने सुरू होतो आणि घरातल्या उपकरणांना पत्ते पुन्हा वाटतो. पेटीला नवा पत्ता मिळाला असेल, तर ती धडधाकट असूनही जुन्या पत्त्यावर सापडत नाही. पुष्कळ वेळा गोष्ट एवढीच असते. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. पेटी यादीतच नव्हती.

दुसरी शंका केबलवर. केबल बदलली, राउटरचं भोक बदललं. फरक शून्य.

तिसरी शंका खुद्द पेटीवर. प्लग काढलेलाच होता. दोन्ही डिस्कवर पेनाने 1 आणि 2 असे आकडे लिहिले आणि त्या बाहेर काढल्या. मग रिकामी पेटी सुरू केली. ती शहाण्यासारखी उठली, राउटरच्या यादीतही दिसली. पुन्हा बंद करून डिस्क आपापल्या जागी बसवल्या आणि सुरू केली, तर टक्, टक्, शांतता.

म्हणजे बोर्ड ठीक, केबल ठीक, डिस्क जोडल्या की मात्र दम तुटतो. हार्डडिस्कला सर्वांत जास्त वीज लागते ती सुरुवातीला, थांबलेली तबकडी फिरवताना. साधारण साडेतीन इंची डिस्क त्या काही सेकंदांत दीड-दोन अँपिअर खाते आणि इथे दोन डिस्क होत्या. अ‍ॅडॅप्टर 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा. मल्टिमीटर लावला तर व्यवस्थित 12 व्होल्ट दाखवत होता, पण ते भार नसताना. डिस्क फिरू लागल्या की व्होल्टेज कोसळायचं, पेटी बंद पडायची, भार उतरला की पुन्हा उठायची. तो टक्-टक् आवाज डिस्क मेल्याचा नव्हता. उपाशी डिस्कचा होता.

सकाळी जेल रोडवर जाऊन तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा, पिनची धन-ऋण बाजू तीच असलेला अ‍ॅडॅप्टर आणला. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कमी चालत नाहीत. दुकानदाराने जुना अ‍ॅडॅप्टर उघडून दाखवला. आतला एक कपॅसिटर वरून फुगला होता. बहुधा आधीच थकलेला होता. चार वेळच्या झटक्यांनी त्याला संपवलं.

मोह एका बटणाचा

नवा अ‍ॅडॅप्टर लावला आणि पेटी उठली. आईने देवापुढे साखर ठेवली. पण पेटी बीप करत राहिली. पानावर संदेश होता: डिस्क 2 संचातून बाहेर पडली आहे. खाली मोठं बटण: दुरुस्त करा.

"दाब की मग!" बाबा म्हणाले.

"बाबा, थांबा. आत्ता नाही."

आमच्या दोन डिस्क रेड-1 पद्धतीने जोडल्या होत्या. एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर लिहिलं जातं, आरशासारखं. एक गेली तर दुसरीवर काम चालतं. पण 'दुरुस्त करा' म्हटलं की चांगली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, तासन्‌तास. त्या ताणात तिनेही मान टाकली तर हाती काहीच राहत नाही. म्हणून आधी तब्येत पाहायची. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. डिस्क 2 वर वाचता न येणारे 16 सेक्टर होते. डिस्क 1 वर एकही नव्हता. मग पेटीत नवं काही लिहिलं जाणार नाही अशी व्यवस्था केली आणि डिस्क 1 वरचा सगळा मजकूर बाहेरच्या एका डिस्कवर उतरवायला लावला. सव्वा टेराबाइट होता, त्यात लाखभर बारीक बारीक फाइली. संध्याकाळी सातला सुरू झालेलं काम सकाळी सहाला संपलं. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आणली, ती डिस्क 2 च्या जागी बसवली आणि मगच ते बटण दाबलं. 4 टेराबाइटचा आरसा पुन्हा तयार व्हायला जवळपास दहा तास लागले.

दिवा निळा झाला. घरात कौतुक झालं. मी आरामात आजीचा फोल्डर उघडला.

शून्य

14 पैकी 12 फाइली वाजल्या. दोन फाइलींची नावं होती, पण आकार होता शून्य.

वादळाच्या संध्याकाळी, वीज जायच्या मिनिटभर आधी, मी त्याच दोन फाइली फोनमधून पेटीत हलवल्या होत्या. 'कॉपी' नव्हे, 'मूव्ह'. पेटीने "मिळालं" म्हटलं आणि फोनने आपली प्रत पुसली. पण पेटीला मिळालेली गोष्ट लगेच डिस्कवर जात नाही. काही सेकंद, कधी अर्धा मिनिट ती मेमरीत थांबते, म्हणजे थोडं साचवून एकदम लिहिता येतं. वीज गेली की मेमरी कोरी होते. फाइलचं नाव तेवढं लिहून झालं होतं; आतला आवाज डिस्कपर्यंत पोहोचलाच नव्हता. दोन डिस्क असून उपयोग काय? आरसा जे समोर आहे तेच दाखवतो. समोर शून्य असेल तर दोन्हीकडे शून्य.

फोनमधूनही काही परत आलं नाही. आजकालच्या फोनमधलं साठवण सांकेतिक रूपात असतं आणि पुसलेली जागा लवकर साफ केली जाते.

दोनपैकी एक फाइल मी आदल्या रविवारी ग्वाल्हेरच्या आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. तिला फोन केला. "आत्या, ते पुसलं नाहीस ना?"

"पुसेन कशाला? आईचा आवाज आहे तो," ती म्हणाली.

चार वर्षं मी ज्यांना फोनमधून पुसा म्हणून सांगत होतो, त्यांतल्या एकीने ऐकलं नव्हतं म्हणून ते वाचलं.

दुसरी फाइल गेली ती गेलीच. तिच्यात आजी 1957 साली लग्न होऊन नाशिकहून इंदूरला कशी आली, ते होतं. खंडव्याला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसणं, नर्मदेच्या पुलावरून टाकलेला पैसा, पाताळपाणीच्या घाटातला अंधार आणि खंडव्याच्या फलाटावर तिला रडताना पाहून आपला डबा पुढे करणारी एक बाई. त्या बाईचं नाव, गाव, डब्यात काय होतं, सगळं आजीने सांगितलं होतं.

लोणच्याच्या दोन बरण्या

मी खाली मान घालून आजीला सांगितलं. ती हसली. "सगळं एकाच बरणीत भरलंस होय? अरे, लोणचं कधी एका बरणीत ठेवतात का? एकीला बुरशी आली तर वर्षभर काय खाणार?" तिची एक बरणी रोजच्या वापराला खाली असते, दुसरी दादरा बांधून वरच्या फळीवर. माझ्या पेटीत बरणी एकच होती, झाकणं तेवढी दोन होती.

संगणकाच्या जगात हाच नियम 3-2-1 म्हणून सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. आता आमच्याकडे एक प्रत पेटीत, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक आत्याकडे ग्वाल्हेरला असते. आत्याकडची डिस्क दर दिवाळीला आणि गणपतीला बदलली जाते. पेटी आता छोट्या यूपीएसवर आहे आणि त्याला यूएसबी केबलने जोडली आहे. बॅटरी उतरू लागली की ती आपणहून नीट बंद होते. घरचा साधा इन्व्हर्टर यासाठी पुरेलच असं नाही. वीज गेल्यावर तो चालू होताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, पेटीला कळू शकतो.

तुमच्याही घरी अशी पेटी असेल, किंवा एकच हार्डडिस्क किंवा एकच फोन असेल, तर या रविवारी एवढं करा. घरातली जी फाइल गेली तर पुन्हा मिळणार नाही, ती शोधा. तिची दुसरी प्रत कुठे आहे ते पाहा. ती प्रत खरोखर उघडून, वाजवून बघा. नावं पाहून समाधान मानू नका. माझ्याही फोल्डरमध्ये नावं चौदाच्या चौदा होती. आणि फोनमधून हलवू नका. कॉपी करा, तपासा, मग पुसा.

गेल्या महिन्यात आजीला मी ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. आता ती 87 वर्षांची आहे. पूल आला, पैसा आला, घाट आला. खंडव्याच्या फलाटावर ती थांबली. "एक बाई होती बघ," म्हणाली, "नाव... थांब हं." बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "तुला सांगितलं होतं ना मी? तूच सांग."

मला आठवत नव्हतं. मी रेकॉर्ड होतंय म्हणून नीट ऐकलंच नव्हतं.

ते नवं रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवलं आहे. फोनमधूनही अजून पुसलेलं नाही.