ठिबकच्या नळीत पेन्सिल सेल

आमच्याकडे जळोचीत ‘बॅटरी’ म्हणजे विजेरी. आत घालायचा तो सेल. त्यामुळे ‘चार्जिंगच्या बॅटऱ्या सुट्या ठेवू नका’ असं म्हटलं की जुनी माणसं आधी खुंटीवरच्या विजेरीकडे बघतात. इथे बोलायचंय ते सेलबद्दल. घड्याळात, रिमोटमध्ये, पोरांच्या खेळण्यात आणि रात्रपाळीला थ्री-फेज आली की कपाळावर बांधायच्या विजेरीत जे लागतात, ते पुन्हा पुन्हा चार्ज होणारे सेल. वापरात असताना ते शहाण्यासारखे वागतात. काढून ठेवले की गडबड सुरू होते.

आमचे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असायचे. एका उन्हाळ्यात दुपारी त्या डब्यातून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. झाकण काढलं तर मोटारीच्या स्टार्टरपेटीची किल्ली एका सेलच्या डोक्यावर आडवी पडलेली, आणि सेल हातात धरवत नव्हता. घरातल्या सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, ‘एवढासा सेल, त्यात कसला करंट?’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. निकेल-मेटल हायड्राइडचा पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि तेवढ्यानं शॉक बसत नाही, हे खरं. पण या सेलचा आतला रोध फार कमी असतो, तीस मिलिओहमच्या आसपास. दोन टोकं धातूनं थेट जोडली तर क्षणभर चाळीस अँपिअरपर्यंत प्रवाह निघू शकतो. घरातल्या लहान सॉकेटवर ६ अँपिअर लिहिलेलं असतं, त्यावरून अंदाज करा. हा प्रवाह माणसाला जाणवत नाही, तो किल्लीला आणि सेलला तापवतो.

आणि दोन टोकं म्हणजे वरचं आणि खालचं, असं आपण धरून चालतो. या सेलचं अख्खं धातूचं अंगच ऋण टोक असतं. वरचं बटण तेवढं धन, आणि दोघांच्या मध्ये एक बारीकशी कडी. वरून जे रंगीत वेष्टण दिसतं, ते पातळ प्लॅस्टिक. बटणाजवळ ते नखाएवढं जरी सोललं असलं तरी एक नाणं, एक किल्ली, एक सेफ्टी पिन पुरते. आमच्या सेलचं वेष्टण तिथंच फाटलं होतं. म्हणून ठेवण्याआधी प्रत्येक सेल बोटात फिरवून बघावा; वेष्टण फाटलेला सेल बाजूला काढावा.

आता ‘पत्र्याचा डबा सगळ्यात सुरक्षित, आग लागली तरी बाहेर येणार नाही’ या म्हणण्याचं काय उरतं ते बघा. पत्रा स्वतःच वीजवाहक. सुटे सेल त्यात टाकणं म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यात टाकण्यासारखंच. डबा वापरायचाच असेल तर आधी सेल प्लॅस्टिकच्या खणात बसवा, मग तो खण डब्यात ठेवा.

‘त्यासाठी खास केस विकत आणावी लागते’ हेही ऐकतो. मिळते, चांगली असते, घ्यायची तर घ्या. पण बारामती-इंदापुरात ज्याच्या रानात ठिबक आहे, त्याच्या गोठ्यामागं जुन्या लॅटरलचं वेटोळं पडलेलंच असतं. पेन्सिल सेल साडेचौदा मिलिमीटर जाड. १६ मिलिमीटरची जाड भिंतीची लॅटरल आतून चौदाच्या आसपास भरते, त्यात तो शिरत नाही. मी आधी तीच कापली आणि फसलो. २० मिलिमीटरची घ्या, आतून साधारण सतरा, सेल थोडा हलतो पण छान बसतो. बारीक सेल, रिमोटमधला, साडेदहा मिलिमीटरचा, तो १६च्या नळीत खुशाल जातो. साधी नळी हवी. आत ड्रिपर बसवलेली इनलाइन घेतली तर सेल मध्येच अडकतो आणि मग काडीनं ढोसत बसावं लागतं. पेन्सिल सेलची लांबी साडेपन्नास मिलिमीटर, म्हणजे चार सेलना २२ सेंटिमीटरचा तुकडा बरोबर होतो. आतला क्षार धुवायचा, दोन दिवस सावलीत वाळवायचं, दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकच्या एंड कॅप लावायच्या.

‘नळीत सेल एकमेकांना चिकटले की आपोआप संपतात’ अशी शंका इथं हमखास येते. नाही संपत. एकाचं डोकं दुसऱ्याच्या बुडाला लागलं तरी वाट अर्धीच असते. पहिल्या आणि शेवटच्या टोकाला बाहेरून काही जोडल्याशिवाय प्रवाह फिरत नाही. टोपी प्लॅस्टिकचीच हवी ती याचसाठी.

घरात ठेवायला मला रोपवाटिकेचा प्रो-ट्रे जास्त आवडतो. ९८ खणांचा फुटका ट्रे कात्रीनं कापून तीन बाय चारचा तुकडा घेतला, उथळ प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला. चार्ज केलेला सेल डोकं वर, संपलेला डोकं खाली. डोळ्यांना लगेच कळतं. हे महत्त्वाचं आहे, कारण विजेरीत एक भरलेला आणि एक रिकामा घातला की भरलेला रिकाम्याला उलटा दाबतो आणि तो कायमचा खराब होतो. जोडीनं आणलेल्या सेलवर मार्करनं एकच खूण करून ते जोडीनंच वापरावेत.

‘उन्हात ठेवले की सेल पुन्हा चालतात.’ लहानपणी आपण सगळ्यांनी पत्र्यावर सेल वाळत घातलेत, दातानं चावलेतही. ते जस्त-कार्बनचे जुने सेल होते; ऊब मिळाली की आतल्या मसाल्याची क्रिया वेग घेई आणि अजून तासभर रेडिओ चाले. चार्जिंगच्या सेलला ऊन म्हणजे नुकसानच. उष्णतेनं त्याची आपोआप गळती वाढते आणि आयुष्य घटतं. चैत्र-वैशाखात आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. सेलची जागा मधल्या घरातल्या खालच्या फळीवर, माठापासून लांब.

मग फ्रिज? तोही नको. बाहेर काढला की गार सेलवर दव धरतं, टोकं गंजतात. साधे हायड्राइड सेल पूर्वी महिन्याभरात पाचवा हिस्सा तरी गमावत, त्या काळात हा सल्ला निघाला. २००५ मध्ये सान्योनं एनेलूप आणल्यावर कमी गळतीचे सेल रूढ झाले. ते वर्षभरानंतरही बहुतेक भरलेले राहतात.

‘पूर्ण संपवूनच ठेवायचे’ ही निकेल-कॅडमियमच्या दिवसांची आठवण. लिथियमच्या सेलला ही सवय मारक आहे. कपाळाच्या विजेरीत येणारा १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल आकाराचं) बराच काळ ठेवायचा असेल तर अर्धा भरलेला ठेवावा, आणि नळीत नव्हे. एकेका सेलला स्वतंत्र बंद प्लॅस्टिकची डबी. हा सेल तापला तर हायड्राइडसारखा नुसता वास देऊन थांबेलच असं नाही; फुगलेला किंवा चेपलेला सेल घरात ठेवूच नये.

तो घंटागाडीतही टाकायचा नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी असले छोटे सेलही कक्षेत घेतले. २००१ च्या नियमांत फक्त लेड-ॲसिड होत्या. सेलवर फुली मारलेली चाकाची कचरापेटी छापलेली असते, तिचा अर्थ तोच. बाकीचे निकामी सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या बरणीत साठवायचे आणि ई-कचरा संकलनात द्यायचे.

शेजारचे तात्या माझ्या नळ्या बघून गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःची दाखवायला घेऊन आले. टोप्या नव्हत्या, तोंड दुमडून, लॅटरलला बांधतात तशी तार पिळली होती, आणि तारेचं एक टोक दुमडीतून आत घुसलं होतं.

“तात्या, सुतळी बांधा,” म्हटलं, “तार नको.”