कल्याणची खाडी आणि आपल्या नळाचं पाणी

वर्गात कल्याणबद्दल विचारलं की मुलं पटकन सांगतात, "जंक्शन!" कसारा लाइन कुठून फुटते, कर्जत लाइन कुठून, सगळं तोंडपाठ. पण हे शहर कुठल्या नदीकाठी आहे म्हटलं की वर्ग गप्प. दोष मुलांचा नाही, घरात तो विषयच निघत नाही. पाणी नळाला येतं, गटारात जातं. मधल्या आणि नंतरच्या गोष्टीशी आपला संबंध काय, असं आपण धरून चाललोय.

ठाण्याहून रेल्वे कल्याणला पोहोचली १ मे १८५४ रोजी. त्याआधी दीड हजार वर्षांहून जास्त काळ इथं येण्याचा मोठा रस्ता म्हणजे खाडी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक खलाशी-पुस्तकात 'कल्लिएना' म्हणून या बंदराची नोंद आहे. त्यात एक गंमतशीर माहितीही आहे. सत्ता बदलली, आणि त्यानंतर इथं चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जायची! म्हणजे राजकारणामुळे धंदा बसणं आजचं नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे लोक आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने इथल्या पितळेचा आणि कापडाचा उल्लेख केलाय, आणि इथं ख्रिस्ती वस्ती असल्याचंही लिहिलंय.

पुढे मुसलमानी अमलात काही काळ कागदोपत्री 'इस्लामाबाद' हे नावही या गावाला होतं. तलावाकाठची काळी मशीद आणि मोहतबरखानाची कबर सतराव्या शतकाची आठवण देतात. त्याच शतकात, १६५७ मध्ये, शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतलं आणि याच खाडीत मराठी आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. १७८० मध्ये इंग्रज आले. या सगळ्या काळात खाडीवर पोट भरणाऱ्यांत कोकणी मुसलमान होते, कोळी होते, आगरी होते. आपल्यातल्या कित्येकांचं 'नाखुदा' हे आडनाव आलंय ते जहाजाच्या मालकावरून नाहीतर कप्तानावरून. रेतीबंदर हे नाव रेतीच्या होड्यांवरून पडलं. ती नावं राहिली, होड्या गेल्या.

आता पाण्याकडे येऊ. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. पाऊस संपल्यावर ती खरं तर सुकायला हवी, कोकणातल्या बहुतेक नद्या सुकतात. उल्हास वाहत राहते याचं मोठं कारण घाटावर आहे. मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीला टाटांचं धरण आहे. ते पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून खाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात सोडतात. १९२२ पासून हे चालू आहे. वीज झाल्यावर पाणी उल्हासला मिळतं. आंद्रा मुळात इंद्रायणीची, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातली. जे पाणी बंगालच्या उपसागराकडे जायचं ते डोंगर ओलांडून आपल्या हंड्यात येतं. शिवाय एमआयडीसीच्या बारवी धरणाचं पाणी आहेच. मे महिन्यात मशिदीच्या हौदावर वुजू करताना हातात घेतलेलं पाणी बहुधा मागच्या पावसाळ्यात मावळात पडलेलं असतं.

कल्याणचं पाणी मोहिली भागात, मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वरून उचललं जातं. बंधाऱ्याच्या खाली भरतीचं खारं पाणी चढतं, म्हणून वरून. हिशोब सोपा आहे. अडचण अशी की याच वरच्या पट्ट्यात शहरांचं सांडपाणीही येतं. बदलापूर वर आहे. उल्हासनगरचा खेमाणी नाला, गाळेगावचा नाला यांच्यावर वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या. उन्हाळ्यात नदीवर जी हिरवीगार जलपर्णी पसरते, ती पाहून बाहेरचा माणूस फोटो काढतो. पण सांडपाण्यातलं खत पिऊनच ती एवढी माजते. शुद्धीकरण केंद्रात पाणी साफ होतं हे खरं. पण जितकं घाण पाणी आत जाईल तितका खर्च वाढतो, आणि तो पाणीपट्टीतूनच निघतो.

वालधुनीचं तर बोलायलाच नको. अंबरनाथच्या डोंगरातून निघणारी ही छोटी नदी १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून येते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणला खाडीला मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यात रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरमध्ये शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या दोन नद्यांच्या प्रदूषणाबद्दल महापालिका, नगरपालिका, एमआयडीसी वगैरेंना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड लावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या प्रश्नावरून कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या. तो कचरा कुठं पडत होता? आधारवाडीला, खाडीच्या कडेला.

रेतीबंदर, गोविंदवाडी, वालधुनी, शहाड-मोहने इथल्या घरांना आणखी एक गोष्ट माहीत आहे. पाऊस मोठा आणि त्याच वेळी भरती, की नाल्यातलं पाणी बाहेर पडत नाही, उलटं घरात येतं. २६ जुलै २००५ ला हेच झालं. म्हणून पावसाळ्यात भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवा, आपल्या जुन्या लोकांना त्या तोंडपाठ असायच्या.

मग हे सगळं बघायचं कुणी? कल्याणची नगरपालिका १८५५ ची. महापालिका झाली १ ऑक्टोबर १९८३ ला. पण पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये, तोवर बारा वर्षं प्रशासक. नंतर नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला. बेरीज करा: महापालिकेच्या पहिल्या बेचाळीस वर्षांपैकी साधारण सतरा वर्षं इथं एकही नगरसेवक नव्हता. २०११ च्या जनगणनेत १२ लाख ४७ हजार लोकसंख्या असलेल्या शहराची ही गोष्ट.

प्रशासक असला की स्थायी समिती आणि महासभा या दोघांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे जातात. तो अधिकारी चांगलाही असू शकतो, काही होतेही. पण बजेटमध्ये नाल्याला किती आणि रस्त्याला किती, यावर उघड वाद होत नाही. आणि मोहल्ल्यातल्या बाईने पाण्याची तक्रार न्यायची कुठं? नगरसेवक नसेल तर प्रभाग कार्यालयाची खिडकी, तिथून दुसरी खिडकी. शेवटी ती टँकरवाल्याला फोन करते.

आता सभागृह पुन्हा आलंय. निवडणुकीत आपण कब्रस्तानची भिंत, शाळेची खोली, गटाराचं झाकण एवढंच मागतो. तेही लागतंच. पण नवीन नगरसेवकाला हेही विचारा की मोहिलीच्या वर नदीत येणारे नाले कधी वळवणार, त्यासाठी यंदाच्या बजेटमध्ये किती रक्कम आहे आणि आपल्या प्रभागाचं सांडपाणी केंद्रात जातं की सरळ खाडीत. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, अर्जाची फी दहा रुपये आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. महापालिकेची सभा कायद्याने नागरिकांना खुली असते, सभागृहाने खास ठराव करून बंद केली तरच नाही. आठवी-नववीतल्या मुलाला सुट्टीत एकदा घेऊन जा आणि येताना दुर्गाडीच्या पुलावर थांबून खाडी दाखवा.