मत नव्हतं, आकडे होते

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला पस्तिशीचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलातून ते नुकतेच तिथे गेले होते. सभासदाला अर्थसंकल्पावर मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण उत्तर गुळमुळीत आलं तर उपप्रश्नाची सोय नव्हती.

सरकार म्हणत होतं, तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश सुस्थितीत आहे. गोखल्यांनी अर्थअभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मदतीने सरकारचेच छापील आकडे पिंजून काढले होते. करवसुली रुपयांत व्हायची, सरकारचा लंडनमधला खर्च पौंडांत. रुपया तेरा पेन्सांपर्यंत घसरला होता, तेव्हा एका पौंडाला सुमारे साडेअठरा रुपये पडत. सरकारने टांकसाळींत चांदीची नाणी खुलेपणाने पाडून देणं बंद करून रुपया सोळा पेन्सांवर चढवला आणि तोच पौंड पंधरा रुपयांत मिळू लागला. घसरणीच्या काळात वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. ऐन दुष्काळात साठलेली ती शिल्लक रयतेच्या खिशातली होती! सरकारी कागदांतूनच सरकारचा दावा असा उलटा पडावा, हे आजही थक्क करतं. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. गोखले तो मुद्दा लावून धरत राहिले, आणि १९०७ पर्यंत कर एक रुपयावर आला.

१९०३ मध्ये व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारने लष्करी गुपितांचा कायदा मुलकी कारभारालाही लावायचं विधेयक आणलं. गोखल्यांनी कडाडून विरोध केला, तरी ते १९०४ मध्ये मंजूर झालं. त्याचा वारस म्हणजे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा. माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ त्याच्यावर मात करतं, पण त्यासाठी २००५ उजाडावं लागलं.

गोखल्यांच्या काळी निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आता राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ आहे. दहा रुपयांच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर नाही मिळालं, पहिलं अपीलही वाया गेलं, की माणूस तिथे दाद मागतो. गोखल्यांना न मिळालेला उपप्रश्न तो हाच.

माहिती अधिकाराच्या मूळ कायद्यात, कलम ८ मध्ये, एक विलक्षण तरतूद होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे अर्जदार आमदाराच्या बरोबरीचा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती वगळण्याची दुरुस्ती केली. ती तरतूद परत यायलाच हवी. तुमचे आमदार आणि खासदार भेटतील तेव्हा ती परत कधी येणार, हे त्यांना जरूर विचारा.