डोक्यावर ऊन, डोंगरावर ढग



गेल्या सप्टेंबरात आम्ही अमेरिकेत मित्राकडे गेलो होतो. हा मित्र ठाण्याच्या शाळेतला, आमच्याच बाकावरचा. आम्ही इस्राएलला आलो, तो तिकडे गेला. दोघांनीही साठी ओलांडली, पण भेटलो की चौदा वर्षांचे होतो! त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, "यंदा तुला अशी घळ दाखवतो की सांदण दरी विसरशील."

युटा राज्यात एस्कलांटे नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळून 'होल इन द रॉक' हा कच्चा रस्ता वाळवंटात शिरतो. २६ मैल धुरळा खात गेलं की ड्राय फोर्कचा फाटा येतो. तिथे पीक-अ-बू आणि स्पूकी अशा दोन घळी शेजारी शेजारी आहेत. आपली सांदण काळ्या कातळाची, या तांबूस वालुकाश्माच्या. पुराच्या पाण्याने वाळू-खडे घासून घासून त्या कोरल्या आहेत.

पीक-अ-बूच्या तोंडाशीच १२ फुटांची भिंत. पाय ठेवायला दगडात खोबणी आहेत. मित्र आधी चढला आणि त्याने वरून हात दिला. गुडघे कुरकुरले, पण चढलो. आत दगडी कमानी आणि निघोजला आहेत तसे रांजणखळगे. कधी रांगत, कधी पाठ एका भिंतीला आणि पाय दुसरीला रेटून आम्ही दोघे वर निघालो.

मग वाळू तुडवत स्पूकीच्या वरच्या तोंडाशी आलो. ही घळ काही ठिकाणी जेमतेम १० इंच रुंद, म्हणजे पाठीवरची पिशवी हातात घेऊन आडवंच सरकायचं. आत शिरणार, तोच पश्चिमेच्या कैपरोविट्झ पठारावर काळा ढग दिसला.

"अरे, डोक्यावर तर ऊन आहे! अर्ध्या तासात बाहेर पडू," मित्र म्हणाला.

"ऊन इथे आहे, पण पाणी तिथून येणार," आम्ही म्हटलं.

वाळवंटातला उघडा खडक पाणी फारसं पीत नाही. दूरवर पडलेली सर उतारावरून धावते आणि चिंचोळ्या घळीत एकदम चढते. तिथून वर पळायला जागा नसते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप घळीत असंच झालं. पाऊस कित्येक मैल लांब पडला आणि ११ पर्यटक वाहून गेले. आपल्याकडेही, २६ एप्रिल २०१८ रोजी, मृत समुद्राजवळच्या नहल त्साफितमध्ये सैन्यपूर्व वर्गातली १० कोवळी मुलं-मुली गेली. तो दिवस आपल्यापैकी कोण विसरेल?

ते नाव काढल्यावर मित्र गप्प झाला. आम्ही वरच्या वर, खडकांवरून वळसा घालत गाडीपाशी आलो. तो जरा रुसलाच होता. त्या दिवशी स्पूकीत पाणी आलं की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पण आल्यावर कळण्यापेक्षा हे बरं, नाही का?

रात्री चहा पिताना तोच म्हणाला, "स्पूकी राहिली. त्या निमित्ताने पुन्हा ये."

तेव्हा वाचकहो, तुमची नातवंडं नेगेवमध्ये असोत की अमेरिकेत, घळीत जाण्याआधी त्यांना एवढंच सांगा: हवामान विचारा, आणि डोक्यावरचं नाही, पाणी जिथून येतं तिथलं आभाळ बघा.