मुक्या सोबत्यांचा कर्करोग

घरातील माणसाला काही दुखले-खुपले तर ते बोलून दाखविते. कुत्र्यामांजरांचे तसे नाही. ती पुष्कळदा दुखणे लपवितात. कर्करोग त्यांनाही होतो, आणि त्याची गाठ प्रथम लागते ती बहुधा गोंजारणाऱ्या हाताला.

कुत्रीला सामान्यतः स्तनांच्या पाच जोड्या असतात, मांजरीला चार. तेथे होणाऱ्या गाठींपैकी कुत्रीच्या सुमारे निम्म्या घातक निघतात. मांजरीच्या तर बहुतेक साऱ्या. म्हणून मांजरीची वाटाण्याएवढी गाठही उपेक्षू नये. न भरणारी जखम, तोंडाची दुर्गंधी, गिळताना होणारा त्रास, अकारण उतरत जाणारे वजन, हीही लक्षणे ध्यानात ठेवावीत.

आपल्या देशातील मोकाट कुत्र्यांत आढळणारा एक कर्करोग तर विलक्षण आहे. समागमातून, क्वचित हुंगण्या-चाटण्यातून, रोगी कुत्र्याच्या जिवंत पेशी दुसऱ्याच्या अंगी रुजतात आणि वाढू लागतात. अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजविता येते, हे नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ साली दाखविले. माणसाला मात्र हा रोग लागत नाही.

यात जननेंद्रियापाशी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल, ठिसूळ वाढ होते व रक्ताचे थेंब पडतात. येथेच घोटाळा होतो. ‘कुत्री माजावर आली असेल’, असे म्हणून लोक स्वस्थ बसतात. पण माजाचे रक्त साधारण दोन-तीन आठवड्यांत थांबते. या रोगाचे थांबत नाही. आणि नराला तर माज नसतोच!

आनंदाची गोष्ट अशी, की या रोगावर रामबाण म्हणावे असे औषध आहे. व्हिन्क्रिस्टीन त्याचे नाव. आपल्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीच्या पानांतून ते काढतात. आठवड्याला एक, अशी काही इंजेक्शने दिली, की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. सदाफुलीची पाने मात्र कोणी जनावराला चारू नयेत. ती विषारी आहेत.

तेव्हा महिन्यातून एकदा आपल्या सोबत्याच्या सर्वांगावरून सावकाश हात फिरवावा. गाठ लागली तर ‘बघू पुढे’ म्हणू नये. पशुवैद्य बारीक सुईने गाठीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. काम थोड्या वेळाचे असते. गाठ लहान असताना उपाय सोपा असतो. बोलता न येणाऱ्या जिवासाठी एवढी दक्षता आपणच घ्यावयाची आहे.