समुद्राच्या तळाशीही मारतात 'बोअर'. हाती लागला नदीच्या मातीचा हिशेब

शेतात बोअर मारताना काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. दगडाची भुकटी होऊन वर येते. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, ग्रेट बॅरियर रीफमध्ये शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी भोक पाडतात, पण तिथे भुकटी चालत नाही. अख्खी कांडी बाहेर काढावी लागते.

ही कांडी प्रवाळाची, म्हणजे कोरलची. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो बारीक जिवांनी बांधलेला चुन्याचा सांगाडा असतो. पोराइट्स जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे १ मीटरची कांडी ही जवळपास १०० वर्षांची वहीच!

इंजिन आणि पंप सहसा बोटीवरच राहतात. तिथून नळ्यांमधून दाबाचं तेल किंवा हवा खाली जाते आणि पाणबुड्याच्या हातातलं ड्रिल फिरतं. ड्रिलला पुढे पोकळ नळी, तिच्या तोंडाला हिऱ्याचे कण किंवा टंगस्टन कार्बाइडचे दात. नळी कडेकडेने कापत जाते, मधला भाग आत शाबूत राहतो. नळी भरली की तुकडा मोडून काढायचा, दांडा जोडायचा आणि पुन्हा आत घालायची. तुकड्यांचा क्रम चुकला की वर्षांचा हिशेब कोलमडला. शेवटी भोकाला सिमेंटचं बूच लावतात, नाहीतर पोखरणारे किडे आत शिरतात. बुचावर प्रवाळ हळूहळू परत वाढतो.

कांडी उभी चिरून एक्स-रे काढला की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं दिसतात. अतिनील प्रकाशात काही पट्टे चमकतात. ते बर्डेकिन नदीच्या पुराचे, हे पीटर इस्डेल यांनी १९८४ मध्ये दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. पुराच्या मातीला चिकटून बेरियम नावाचं मूलद्रव्य समुद्रात येतं, आणि प्रवाळ ते सांगाड्यात साठवतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १७५० पासूनच्या नोंदी तपासल्या. साधारण १८७० पर्यंत बेरियम कमीच. त्या सुमारास युरोपातून आलेल्या लोकांनी नदीखोऱ्यात गुरं-मेंढ्या सोडल्या, जमीन उघडी पडली, आणि समुद्रात जाणारी माती ५ ते १० पट वाढली.

पूर १८७० आधीही यायचे. पण त्यांच्यासोबत एवढी माती जायची नाही.